डाउनलोडचा वेग आणि आपला वाटा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवताना पुस्तकांची अडचण पाचवीला पुजलेली असते. पूर्वी कोणी पुण्या-मुंबईस निघाले की त्यांच्या हाती यादी सोपवली जाई. आज बालभारतीची पाठ्यपुस्तके, मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. त्यामुळे डाउनलोड ही आपल्यासाठी चैन नव्हे; ती ग्रंथालयाची वाट आहे. साहजिकच पालक विचारतात, "बाई, वेग कित्येक पटींनी वाढवणारे ते सॉफ्टवेअर घ्यावे का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्याचे कार्य समजून घेणे उचित ठरेल.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. दूरध्वनीच्या तारेवरून चालणारा मोडेम पुढे सेकंदाला 56 किलोबिटपर्यंत पोहोचला. तरीही 50 मेगाबाइटची फाइल उतरवण्यास पूर्ण वेगातही सुमारे दोन तास लागत. मध्येच जोडणी तुटली की पुन्हा श्रीगणेशा! या त्रासातून डाउनलोड मॅनेजरची गरज निर्माण झाली.

1997 साली प्रसिद्ध झालेल्या 'एचटीटीपी 1.1' या नियमावलीत एक सोय होती. फाइल जेथे ठेवलेली असते त्या सर्व्हरकडे संपूर्ण फाइल न मागता 'अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत' एवढाच भाग मागता येतो. सर्व्हर तयार असेल तर तो '206' या संकेतासह तेवढाच भाग देतो. तयार नसेल तर '200' म्हणून सारी फाइल पहिल्यापासून पाठवू लागतो. डाउनलोड मॅनेजर किती भाग आला याची नोंद ठेवतो आणि खंड पडला तर तेथूनच पुढचे मागतो. दरम्यान मूळ फाइल बदलली नाही ना, हेही सर्व्हरने दिलेल्या ओळखखुणेवरून तपासता येते.

अ‍ॅक्सिलरेटर याच सोयीचा दुसरा उपयोग करतो. समजा, 800 मेगाबाइटची फाइल आहे. तो तिचे 100 मेगाबाइटचे आठ भाग कल्पितो, आठ स्वतंत्र जोडण्या उघडतो, आठही भाग एकाच वेळी मागवतो आणि शेवटी क्रमाने जोडतो. एखादा भाग आधी संपला, तर उरलेल्या मोठ्या भागाचे पुन्हा तुकडे करून रिकामी झालेली जोडणी कामास लावतो.

यामुळे वेग खरोखर वाढतो का? काही प्रसंगी वाढतो. सर्व्हरने प्रत्येक जोडणीवर वेगमर्यादा घातली असेल, किंवा तो दूरदेशी असल्याने पोच मिळण्यास वेळ लागत असेल, तर एकटी जोडणी आपली सारी क्षमता वापरू शकत नाही. तेथे आठ जोडण्या उपयोगी पडतात. पण अडथळा आपल्याच लाइनच्या क्षमतेचा असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर ती रुंद करीत नाही. ते केवळ आपला वाटा वाढवते.

हे गणित आमच्या संगणक कक्षात मुलांनीच मांडले. सेकंदाला 20 मेगाबिटची एक लाइन, तीवर दहा संगणक, प्रत्येकाची एक जोडणी. साधारणपणे प्रत्येकास 2 मेगाबिट मिळतात. आता एकाने आठ जोडण्या उघडल्या, तर एकूण जोडण्या सतरा होतात. त्या एकट्यास जवळजवळ साडेनऊ मेगाबिट मिळतात आणि इतर नऊ जणांच्या वाट्यास प्रत्येकी सव्वा मेगाबिटही येत नाही. पडद्यावर मात्र 'वेग चौपटीहून अधिक' असेच दिसते. तो वेग कोणाच्या पानातून उचलला, हे तेथे लिहिलेले नसते. घरातही हेच घडते: थोरल्याचा चित्रपट झरझर उतरतो आणि धाकटीच्या ऑनलाइन तासात बाईंचा आवाज तुटू लागतो.

म्हणून माझे उत्तर असे: मॅनेजर अवश्य वापरा, मात्र त्यातील जोडण्यांची संख्या व वेगमर्यादा स्वतः ठरवा आणि मोठी फाइल रात्री उतरवा. त्यासाठी पैसे मोजावेच लागतात असे नाही. 'आरिया टू' आणि 'डब्ल्यूगेट' ही मुक्त साधने आहेत. अनोळखी ठिकाणच्या फुकट अ‍ॅक्सिलरेटरपासून मात्र दूर राहा. त्यांच्यासोबत कित्येकदा नको असलेले प्रोग्रॅमही घरात शिरतात. शाळेत मोठी फाइल एकच संगणक रात्री उतरवतो आणि सकाळी कक्षातील अंतर्गत जाळ्यावरून ती सर्वांना मिळते.

आता माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे. साठ वर्षांच्या वार्षिक अंकांची छायाप्रत करण्याचे काम सुरू आहे. आपल्यापैकी जे संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी हे अंक अशा सर्व्हरवर ठेवण्यास साहाय्य करावे की जो भागाभागाने फाइल देतो. प्रत्येक फाइलसोबत 'एसएचए-256' ही तपासखूणही असावी, म्हणजे उतरलेली प्रत अखंड आहे याची खात्री करता येईल. आपल्या शाळेची लेकरे आज देशभर विखुरली आहेत. सर्वांच्या घरी वेगवान लाइन नाही. ज्याची जोडणी दहा वेळा तुटते, त्यालाही आपल्या वर्गाचे छायाचित्र अकराव्या प्रयत्नात पूर्ण मिळावे, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षातील माझी इच्छा आहे.