हाडातल्या साध्या गाठी



मुलाच्या गुडघ्याजवळ टणक उंचवटा हाताला लागला की घरातल्यांच्या काळजात धस्स होतं. कॅन्सर तर नसेल? पण हाडात होणाऱ्या कितीतरी गाठी सौम्य असतात. गाठ कोणती हे ठरवताना आम्ही आधी तीन गोष्टी पाहतो: वय किती, हाडाच्या कोणत्या भागात आहे आणि दुखतं कधी.

असा उंचवटा बहुतेक वेळा ऑस्टिओकॉन्ड्रोमा निघतो. सौम्य गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. वाढत्या वयात ती हाडाच्या टोकाजवळ फुटते, सांध्यापासून दूर झुकते आणि तिच्या माथ्यावर कूर्चेचा थर असतो. मुलाची उंची वाढायची थांबली की तीही थांबते. नस दाबली जात नसेल, त्रास होत नसेल, तर काढायची गरज नाही. मोठेपणी पुन्हा वाढू लागली, तर मात्र लगेच दाखवा.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची तऱ्हा वेगळी. गाठीचा गाभा जेमतेम दीड सेंटिमीटर, कधी त्याहूनही लहान; पण पोरगं मध्यरात्री नडगी धरून उठतं. आई तेल चोळते, शेकते, काही उपयोग होत नाही. डॉक्टरांनी दिलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली की थोड्या वेळात गाढ झोपतं. या गाठीत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन भरपूर तयार होतं आणि अशा गोळ्या नेमकं तेच रोखतात. न्यूयॉर्कच्या हेन्री जाफे यांनी १९३५ साली या गाठीचं वर्णन केलं. साध्या एक्स-रेत ती निसटू शकते, मग ‘वाढत्या वयाचं दुखणं’ म्हणून महिनेच्या महिने जातात. मला या मुलांचं फार वाईट वाटतं, कारण सीटी स्कॅनमध्ये ती सहसा स्पष्ट दिसते आणि आता मोठी चीर न देता, सुई आत घालून उष्णतेनं जाळताही येते.

एनकॉन्ड्रोमा हाताच्या बोटांत जास्त. किरकोळ धक्क्यानं बोट मोडतं, तेव्हाच पुष्कळांना तिचा पत्ता लागतो.

जायंट सेल ट्यूमरबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. ही विशी ते चाळिशीतल्या, कमावत्या माणसांना गाठते. गुडघा किंवा मनगट, सांध्याला अगदी भिडून. गणना सौम्य गाठींतच, पण हाड आतून पोखरते, खरवडून काढली तरी उलटू शकते आणि क्वचित फुप्फुसातही जाते. सांधा धरलाय असं समजून लोक मालिश करून घेतात, पट्टा बांधतात. पोखरलेलं हाड जोरानं चोळलं तर मोडू शकतं. आधी एक्स-रे काढा.

तुकडा तपासायला घ्यायची वेळ आली, तर जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार तिथेच घ्या. गाठ घातक निघाली तर सुई गेलेली वाटही काढावी लागते, आणि ती वाट चुकीच्या जागी असली की ऑपरेशन फार अवघड होतं. जाताना जुने एक्स-रे न्यायला विसरू नका. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे त्यांच्याशी ताडूनच कळतं.