आधी कंगवा, मग आंघोळ



बँकेत आम्ही रोजचा हिशेब रोजच मिटवायचो. आज राहिलेला फरक उद्या शोधणं जड जातं. कुत्र्याच्या केसांचंही तसंच आहे. ग्रूमिंगवाला महिन्या-दोन महिन्यांनी. मधले दिवस आपले!

कानांमागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली गुंता आधी होतो. म्हणून विंचरणं आंघोळीच्या आधी. भिजलेला गुंता सुकताना आणखी आवळतो, कातडी ओढली जाते, आत ओल राहून जखमा होतात. थोडे थोडे केस उचलून मुळापासून ब्रश फिरवा, मग स्टीलचा कंगवा. तो कुठे अडला नाही, की काम झालं. गुंत्याला कात्री लावू नका, कातडी कापली जाते. आपला शाम्पूही त्याला नको.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. विंचरताना गोचीड वेळीच सापडते, हा मोठा फायदा. गोचीडतापाने कुत्रा दगावूही शकतो.

शेवटी एक विनंती. निघालेले केस जिन्यात झटकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. कुत्रा सुखी आणि शेजारीही!