पत-अहवालातील अनोळखी कर्ज

निपाणी परिसरातील तंबाखू उत्पादकाला आपल्या पत-अहवालातील अनोळखी कर्जाचा पत्ता बहुधा त्याचा अर्ज फेटाळला गेल्यावरच लागतो. प्रत्येक वेळी ती फसवणूकच असते असे नाही. शेजाऱ्यासाठी जामीन म्हणून केलेली, पुढे विसरलेली सहीही तेथे नोंदलेली असते. सीमाभागात तर कन्नड उताऱ्यावरील आणि मराठी दाखल्यावरील एकच नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी उतरते, व नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज माथी येऊ शकते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा अहवाल विनामूल्य मिळतो. चूक आढळताच कंपनी व संबंधित बँक या दोहोंकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास एप्रिल २०२४ पासून दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.