सोमवारची छाती



माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. सोमवारची पहिली पाळी करून ते लालबागच्या आमच्या खोलीवर आले की उंबऱ्यापाशीच बसत. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, भुवयांवर आणि कानांच्या मागे पांढरं तूस. श्वास तुटक-तुटक. आई चहा ठेवायची, तो तसाच निवायचा. "सोमवार आहे ना," ती आम्हा पोरांना हळूच सांगायची. बुधवारपर्यंत वडील पुन्हा हसते-बोलते होत.

आईचं बरोबर होतं. या आजाराचं नाव बिसिनोसिस. कापसाच्या गासडीत पानांचा, देठांचा चुरा येतो आणि त्यावर जिवाणू असतात. ब्लोरूममध्ये गासडी फुटते, कार्डिंगमध्ये कापूस पिंजला जातो, तेव्हा ही धूळ उडते आणि जिवाणूंमधलं विष श्वासनळ्यांना सूज आणतं. रोज धूळ खाणारं शरीर आठवडाभर कसंबसं जुळवून घेतं. एका सुट्टीत ती सवय मोडते आणि सोमवारी कामावर गेल्यावर काही तासांत छाती आवळते. काही वर्षांनी मंगळवारही तसाच जातो, मग सगळेच वार. तोवर फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येण्यासारखं उरत नाही.

रविवारची ती सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना मिळवून दिली. मला नेहमी वाटतं, लोखंड्यांनी कामगाराला विसावा दिलाच, पण हा आजार ओळखायची खूणही दिली. सुट्टीच नसती, तर रोजची धाप म्हणून ती कुणाच्या लक्षातही आली नसती.

खूण होती, पण विचारणारं कुणी नव्हतं. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं त्याने वैद्यांना बजावलं होतं. माझ्या वडिलांना फक्त 'विडी किती ओढता' एवढंच विचारलं गेलं, आणि कागदावर 'दमा' असं लिहिलं गेलं. हा शब्द फार महागात पडतो. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे, त्यावर भरपाई मागता येते. साध्या दम्यावर ती मागता येत नाही. १९८२च्या गिरणी संपात वडिलांची गिरणी सुटली. खोकला शेवटपर्यंत राहिला.

लालबाग-परळला आता टॉवर आहेत, पण कापूस काही थांबलेला नाही. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगमध्ये हंगामभर बाया पदर नाकाला बांधून काम करतात. पदरातून बारीक धूळ सहज आत जाते. धूळ उडते तिथेच, यंत्राच्या तोंडाशी ती ओढून घेणारी यंत्रणा हवी. यंत्रं हवेच्या झोताने झाडणं बंद व्हायला हवं. आणि सोमवारी पाळीच्या आधी व नंतर प्रत्येकाला फुंकून बघायची नळी द्यायला हवी. फुंकर किती कमी झाली, ते तिच्यावर लगेच दिसतं. ही नळी फार महागही नसते.

तुमच्या घरात कुणी सूतगिरणीत किंवा जिनिंगमध्ये असेल, तर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आपणहून सांगा, "मी कापसात काम करतो, आणि सुट्टीनंतरच्या दिवशी छाती जास्त भरते." आणि ते कागदावर लिहून घ्या.