एका 'ओ'ची गोष्ट

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'कुणाचं इंग्रजी चुकलं की तुला राग येतो ना, मग त्यावरच बोल,' असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यानं टोमणा मारला होता, मी तो विषय म्हणून घेतला.

राग येतो हे खरं. 'मायसेल्फ अमुक तमुक' अशी कुणी ओळख करून दिली, 'डिस्कस अबाउट' किंवा 'रिटर्न बॅक' म्हटलं, की माझ्या दाताखाली खडा येतो. वह्या-पेनांच्या दुकानाच्या पाटीवर 'स्टेशनरी'त 'ई'च्या जागी 'ए' दिसला, की दुकान जागेवर स्थिर उभं आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. हे मी दुकानदाराला सांगितलंही आहे. त्यानं विचारलं, 'वही कुठली देऊ?'

आपण पाचवीत एबीसीडी गिरवली. स्पेलिंगं तालात ओरडायचो, आठवतंय? 'आय एस एल ए एन डी, आयलंड, आयलंड म्हणजे बेट!' त्यातला 'एस' विसरलो म्हणून मी छडी खाल्ली आहे. पुढे वाचनात आलं, की जुन्या इंग्रजीत या शब्दात 'एस' नव्हताच. फ्रेंचमधून आलेल्या 'आइल' या वेगळ्याच शब्दाशी त्याचं नातं आहे अशा समजुतीनं तो सोळाव्या शतकाच्या सुमारास घुसला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला मुका 'बी'सुद्धा असाच. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा 'बी' नव्हता. विद्वानांना लॅटिन मूळ आठवलं, त्यांनी तो आणून बसवला. म्हणजे चूक त्यांची आणि छडी मला!

आपल्या चुकांनाही कारणं असतात. 'आय डिड नॉट वेन्ट' हे वाक्य आपल्या वर्गात निम्म्या वह्यांत होतं. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'मध्येच राहतो. इंग्रजीत नकार आला की तो 'डिड'च्या अंगावर जातो आणि 'गो' मोकळा होतो. पोरं मराठीच्या हिशेबानं बरोबरच लिहीत होती. हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. पण साठ पोरांच्या वर्गात सांगणार कधी, हेही खरं. बाई हसताहेत, म्हणजे त्यांना पटलं.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आपले इंग्रजीचे सर गेले. ग्रुपवर शोकसंदेश येऊ लागले. शोक इंग्रजीतच करायचा असं आपल्याकडे का कोण जाणे ठरून गेलंय. आपल्यातल्या एका मित्रानं लिहिलं, 'वुई लूज अवर ग्रेट सर.' 'लूज'मध्ये दोन 'ओ'. मी खाली लिहिलं, 'एकच ओ हवा. सरांना आवडलं नसतं.'

पाच मिनिटांत त्याचा संदेश गायब झाला. तेव्हापासून तो ग्रुपवर फक्त हात जोडलेलं चित्र टाकतो.

सरांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रोज डबा त्याच्या घरून जात होता. मी एकदाही गेलो नव्हतो.

आता त्या 'ओ'चं. गमावणं एका 'ओ'चं आणि उच्चार शेवटी 'झ'सारखा. सैल असणं दोन 'ओ'चं आणि शेवटी 'स'. आपण मात्र सैल पँटलाही 'लूज' म्हणतो आणि जुलाबांना 'लूज मोशन'. कानाला दोन्ही एकच, मग हातानं फरक कसा करायचा? ज्यांची मायबोली इंग्रजी आहे तेही इथे सर्रास घसरतात. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की सर गेलेले असताना तिथे 'लॉस्ट' हवं होतं. एक 'ओ' काय, दोन 'ओ' काय, माझी दुरुस्तीसुद्धा चुकीचीच होती. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. दुसऱ्याची चूक चारचौघांत काढली होती, स्वतःची पोटात ठेवली. आज सांगतोय.

तो इथे आलाय. मघापासून मंडपामागे जेवणाचं बघतोय, त्यामुळे बहुतेक ऐकत नसेल. कुणीतरी त्याला बोलावून आणा रे.

मित्रा, माझं चुकलं. तो संदेश पुन्हा टाक. होता तसाच.