जॉर्ज फर्नांडिस : बदलले ते केवळ पक्ष काय?

(मुरबे येथील भाषणाचा मजकूर)



जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव निघाले की त्यांच्या पक्षांची यादी वाचली जाते : संयुक्त समाजवादी, जनता, जनता दल, समता, जनता दल (संयुक्त). यादी खरी आहे. परंतु तिच्यातून काही उलगडत नाही. फाटाफूट न पाहिलेला समाजवादी पुढारी शोधूनही सापडावयाचा नाही. विचारावयाचे ते असे की, या माणसाला जाब विचारणारे कोण होते आणि ते केव्हा दूर राहिले?

१९४९ साली मुंबईत आलेला हा मंगळूरचा तरुण गोदी कामगार, म्युनिसिपल कामगार, टॅक्सीचालक यांच्यात वाढला. १९६७ मध्ये त्याने स. का. पाटलांसारख्या मातब्बराला दक्षिण मुंबईत पाडले, ते याच बळावर. वर्गणी भरणारा कामगार पुढाऱ्याला रस्त्यात अडवून हिशेब मागतो. तो धाक मोठा असतो.

८ मे १९७४ रोजी सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. माशांच्या टोपल्या घेऊन पालघर-बोईसरच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या भगिनींना रेल्वे थांबणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. आठ तासांचा दिवस आणि बोनस या मागण्यांना सरकारने अटकसत्राने उत्तर दिले. संप चालू असतानाच, १८ मे रोजी, पोखरणला अणुस्फोट झाला. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. तथापि १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना बोनस मिळालाच. संप फसला असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे आणीबाणी, भूमिगत जीवन, बडोदा डायनामाइट खटला. १९७७ मध्ये तुरुंगातूनच ते मुझफ्फरपूरहून तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. विजय देदीप्यमान खराच. परंतु उतरण येथूनच लागली. बिहारमध्ये त्यांच्यामागे लाट होती, त्यांनी उभारलेली संघटना नव्हती. लाट ओसरल्यावर उरली ती जातींची आणि आघाड्यांची बेरीज.

उद्योगमंत्री म्हणून त्यांनी कोकाकोलाला परकीय भागभांडवलाचा कायदा लावला. कायदा १९७३ चा, म्हणजे इंदिरा सरकारचाच. धारिष्ट मात्र जॉर्जचे. १९९० मध्ये रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले, हेही त्यांच्या खात्यावर मांडले पाहिजे.

परंतु जुलै १९७९ मध्ये लोकसभेत मोरारजी सरकारचे घणाघाती समर्थन करून काही दिवसांतच ते विरुद्ध गोटात गेले. जनता पक्ष फुटला तो संघाच्या दुहेरी सदस्यत्वाच्या वादात. त्याच संघाच्या राजकीय परिवाराशी समता पक्षाने १९९६ मध्ये हातमिळवणी केली! अण्वस्त्रांना विरोध करणारे जॉर्ज मे १९९८ च्या पोखरण स्फोटांच्या वेळी संरक्षणमंत्री होते. तारापूरच्या शेजाऱ्यांना या विसंगतीचे वजन अधिक कळावे. मार्च २००१ मध्ये तहलका प्रकरणी राजीनामा दिला, ऑक्टोबरात त्याच खात्यावर परतले. सर्वांत अक्षम्य ते एप्रिल २००२ मधील भाषण : गुजरातेतील स्त्रियांवरील अत्याचार, हे काही नवीन नव्हे, अशा अर्थाने त्यांनी लोकसभेत उडवून लावले. मुंबईच्या कामगार वस्तीतल्या सभेत असे बोलून ते व्यासपीठावरून खाली उतरू शकले असते काय?

२००९ मध्ये स्वतःच्याच पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर ते मुझफ्फरपूरला अपक्ष उभे राहिले, आणि पडले.