परमुलखातील सेवा आणि घराची ओढ



घराची ओढ कोणाला नसते? लेक सासरी जाते, तेव्हा चार दिवस तिला घास गोड लागत नाही. ऊसतोडीला गेलेली माणसे सहा महिने गावाची वाट बघतात. सीमेवरचा जवान घरच्या पत्राची वाट बघतो. ही माणसे निदान आपल्याच देशात असतात. पण परक्या देशात, परक्या माणसांची सेवा करायला कोणी स्वखुशीने गेला, तर? तिथे भाषा निराळी, अन्न निराळे, हवा निराळी. अशा एका माणसाची हकीकत आज आपण ऐकू. तो आपल्या सोलापूरचा. नाव डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणीसांचा जन्म १९१० साली सोलापुरास झाला. घर मध्यम स्थितीतले, भावंडे पुष्कळ. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले. आता पोराने दवाखाना काढावा, चार पैसे मिळवावे, असे कोणत्याही आईबापांना वाटेल. हो की नाही?

त्या वेळी चीनवर मोठे संकट आले होते. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. हजारो माणसे जखमी होत होती. त्यांना औषधपाणी करायला डॉक्टर पुरेनात. चीनने हिंदुस्थानाकडे मदत मागितली. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरी पंडित नेहरूंनी पुढाकार घेतला. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांकडून वर्गणी जमवली आणि पाच डॉक्टर निवडले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटणीस. १९३८च्या सप्टेंबरात आगबोटीने ही मंडळी मुंबईहून निघाली. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

चीनमध्ये फिरत फिरत १९३९च्या आरंभी ते येनान या गावी पोचले. सोलापूरचे ऊन तुम्हांला ठाऊक आहेच. येनानला त्या दिवसांत रात्री पाणी गोठते. तिथले डोंगर पिवळ्या मातीचे. लोक ती माती कोरून आत घरे करतात आणि त्यांत राहतात. उत्तर चीनमध्ये घरात निजायला मातीचा ओटा असतो. तो आतून पोकळ असतो. त्यातून चुलीचा धूर खेळवतात, म्हणजे वर निजणाऱ्याला ऊब मिळते. बघा, गरिबांनी थंडीवर कशी तोड काढली!

आणि अन्न? तिकडच्या गरिबांचे धान्य म्हणजे राळे. होय, आपल्याकडे पूर्वी पिकत होते तेच राळे! ते शिजवून खायचे. चहा मिळाला तर बिनदुधाचा, बिनसाखरेचा. आता तुम्हीच सांगा, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला पहिल्या घासाला काय आठवले असेल?

मग परक्या मुलखात मन रमावे कसे? कोटणीसांनी काय केले ते पाहा. ते चिनी भाषा शिकले, बोलू लागले, लिहूवाचू लागले. मोठ्या वयात नवी अक्षरे शिकणे किती कष्टाचे असते, ते तुमच्याइतके कोणाला कळणार? आपली अक्षरे पन्नासएक. चिनी लिपीत ती हजारांनी मोजावी लागतात. पण भाषा आली, आणि रोगी आपले दुखणे थेट डॉक्टरांना सांगू लागला. जिथे माणूस आपल्याशी बोलतो, ते ठिकाण फार दिवस परके राहत नाही.

ते जपानशी लढणाऱ्या फौजेबरोबर राहिले. तिथे नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे एक शस्त्रवैद्य काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यातून विष अंगात भिनले, आणि १९३९ साली ते वारले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस १९४१ साली प्रमुख झाले. तिथे त्यांनी जखमींवर उपचार केले आणि तरुण चिनी मुलांना वैद्यकी शिकवली. त्याच वर्षी को चिंगलान नावाच्या चिनी परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले. पुढे मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. लेकाच्या नावातच दोन्ही घरे आली!

आता यातली अवघड गोष्ट सांगतो. चीनमध्ये गेल्यावर थोड्याच दिवसांत वडील वारल्याची बातमी कोटणीसांना कळली. परत जा, असे लोकांनी सांगितले. ते गेले नाहीत. शाळेत आम्ही ही हकीकत सांगत असू, तेव्हा एखादा मुलगा हमखास विचारी, "गुरुजी, त्यांच्या आईचं काय?"

प्रश्न खरा आहे. आईच्या दुःखाला उत्तर नाही. सेवेची किंमत एकटा सेवकच देतो असे नाही. घरचेही देतात, आणि त्यांचे नाव कोणी घेत नाही. म्हणून कोटणीसांना मान द्यायचा, तर अर्धा मान सोलापूरच्या त्या घराला द्यायला हवा. पण रणभूमीवर शेकडो आयांची लेकरे विव्हळत पडली होती आणि डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. त्यांना सोडून यायचे, हे कोटणीसांच्या मनाला पटले नाही.

बाकीचे चौघे डॉक्टर यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. वय अवघे बत्तीस. मुलगा तर अजून तान्हा होता.

चीनमध्ये शिच्याच्वांग शहरी त्यांचे स्मारक आहे. इकडे सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचेही स्मारक झाले आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपट काढला. को चिंगलान पुढे भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या.

मंडळी, घराची आठवण येणे हा दुबळेपणा नव्हे. जिथे माया आहे तिथे आठवण असणारच. ती सोसून दुसऱ्याचे अश्रू पुसणे, हे मोठेपण. आपल्या गावातले कोणी दूर गेले असेल, तर त्याला चार ओळी लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. गाय व्याली, पाऊस पडला, आई बरी आहे, एवढेच लिहा. परमुलखात त्या चार ओळी भाकरीसारख्या लागतात. आणि आपल्या गावी कोणी परका मनुष्य कामाला आला असेल, तर एक दिवस त्याला घरी जेवायला बोलवा. त्यालाही कुठेतरी घर आहे.